सत्तराव्या पानावर थांबलेली कादंबरी

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. कादंबरीकार रोज किती तास लिहितो? सकाळ बरी की रात्र? दिवसाला किती शब्द झाले म्हणजे काम नीट चाललंय म्हणायचं? आणि पूर्णवेळ नोकरी, घरात चार वर्षांचं मूल, अशात कादंबरी होते का, की नोकरी सोडायलाच हवी? चारही प्रश्न रास्त आहेत, उत्तरं देतेच. पण खऱ्या अडचणीचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: तीन वेळा कादंबरी सुरू केली, तिन्ही वेळा साठ-सत्तर पानांवर अडकली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फाइल उघडली की दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं.

साठ-सत्तर पानं तीनदा, म्हणजे दोनशे पानं तुम्ही लिहून बसला आहात. नोकरी आणि मूल सांभाळून. तेव्हा वेळ मिळत नाही हे तितकंसं खरं नाही आणि आळस तर मुळीच नाही. तुमचं अडतंय ते परत आत शिरताना. कादंबरीतून बाहेर आलात की आत जायचा रस्ता प्रत्येक वेळी लांबतो आणि एक दिवस इतका लांबतो की नवी कादंबरी सुरू करणं सोपं वाटायला लागतं.

मी सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या पहिल्या चार नोकरी करत. या बावीस वर्षांत माझं वेळापत्रक कितीदा बदललं याची गणती नाही. टिकून राहिल्या त्या सवयी मात्र सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या: काल जिथून उठले तिथे आज लवकरात लवकर परत पोचवणाऱ्या. माझ्या मते कादंबरीकाराची दिनचर्या म्हणतात ती एवढ्यासाठीच असते. शब्द त्यातून पडतात, पण तिचं मुख्य काम कादंबरी गरम ठेवण्याचं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. घरात तुमच्यावर किती माणसं अवलंबून आहेत, झोप किती मिळते, तब्येत कशी, कामावरून येताना डोकं शिल्लक राहतं का, यावर बाहेरच्या माणसाने सल्ला देऊ नये. लिहिताय ती कादंबरी कोणत्या जातीची, यानेही फरक पडतो. कटकारस्थानाची, रहस्याची, पक्का आराखडा असलेली कादंबरी आठवडाभर बाजूला पडली तरी आराखडा ती धरून ठेवतो. प्रथमपुरुषी निवेदन असेल, सगळी मदार त्या एका आवाजावर असेल, तर चार दिवसांच्या खंडानेही तो आवाज हातचा जातो. माझी दुसरी कादंबरी अशी होती. निवेदक एक चिडका म्हातारा. तीन दिवस लिहिलं नाही की तो माझ्यासारखा बोलायला लागायचा, समजूतदार वगैरे, आणि त्याला पुन्हा चिडायला लावण्यात दोन बैठका जायच्या.

कथेचं असं होत नाही, कारण कथा डोक्यात एका वेळी मावते. प्रागचा जर्मन लेखक काफ्का दिवसा अपघात विम्याच्या कचेरीत नोकरी करायचा आणि रात्री लिहायचा. १९१२ च्या २२ सप्टेंबरला रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला उठला तेव्हा एक अख्खी कथा कागदावर होती. त्या रात्रीबद्दल त्याने दैनंदिनीत इतक्या आनंदाने लिहिलंय की वाचून हेवा वाटतो. मात्र त्याच माणसाने तीन कादंबऱ्या हाती घेतल्या आणि तिन्ही अपुऱ्या राहिल्या. याला कारणं अनेक असतील, नुसत्या वेळापत्रकावर खापर फोडणं बरोबर नाही. तरी झपाटलेल्या रात्रींवर कथा होते आणि कादंबरी होत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकते. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या फुकट गेलेल्या रात्री मला आठवतात.

हिशेब तर सोपा दिसतो. ८०,००० शब्दांची कादंबरी, रोज ४०० शब्द, झाले २०० दिवस. वर्षात १६५ दिवस सुट्टी काढूनही पुरी होते. हा हिशेब फसतो तो सुट्ट्यांमुळे. एक दिवस खंड पडला तर परत लय सापडायला मला दहा मिनिटं लागतात. आठवडा गेला तर तासभर. महिना गेला तर पहिल्या पानापासून वाचायला लागतं, आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलेला लेखक पुढे लिहीत नाही, तो मागचं दुरुस्त करायला लागतो. तुमची पहिली तीस पानं आतापर्यंत किती वेळा घासूनपुसून झाली असतील याचा अंदाज मी बांधू शकते. ती आता छान झाली असणार. तीच अडचण आहे. ती तीस पानं गुळगुळीत आणि साठावं पान ओबडधोबड, मग साठावं पान वाचताना आपल्याला लिहिता येत नाही असं वाटतं. येतं की. साठावं पान पहिल्या खर्ड्याचं आहे आणि दहावं पाचव्या खर्ड्याचं, एवढाच फरक.

आता माझा दिवस. मी पावणेसहाला टेबलाशी बसते आणि पावणेआठला उठते. या दोन तासांत नवं लिखाण फार तर पन्नास मिनिटं होतं. बाकी वेळ कुठे जातो हे मी एकदा घड्याळ लावून पाहिलं तेव्हा जरा लाज वाटली होती, आता वाटत नाही. पहिली वीस मिनिटं कालची दोन पानं मोठ्याने वाचण्यात जातात. फक्त दोन. तीन पानं मागे गेले की दुरुस्तीचा मोह होतो हे अनुभवाने कळलंय. मोठ्याने यासाठी, की डोळा वाक्यावरून घसरून जातो, जीभ अडखळते. शिवाय ती पानं वाचताना कालचा सूर कानात येतो आणि पुढचं वाक्य त्या सुरात सुचायला लागतं. ही माझी शोधलेली युक्ती आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग कळलं की एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हेच करायचा. पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून हा माणूस पहाटे साडेपाचला टेबलाशी असायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. लोक त्याच्या त्या घड्याळाचंच कौतुक करतात किंवा थट्टा करतात. पण त्याच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचून कानाने तोलण्यात जायचा, हे त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ते आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. माझ्या मते त्यामागे घड्याळ कमी आणि तो अर्धा तास जास्त.

वाचून झालं की लिहायला लागते. अडले तर उठत नाही, आणि दुसरं काही वाचतही नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. कंटाळा आला तर खिडकीतून बाहेर बघते. वीस मिनिटं नुसतं बसावं लागलं तर बसते, कारण समोर काहीच करमणूक नसली की शेवटी डोकं कंटाळून कादंबरीकडेच वळतं.

उठण्याआधीची दहा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. सगळं सुचलेलं संपवून उठायचं नाही. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे म्हणायचा की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येते. हे वाचायला सोपं आहे आणि करायला फार जिवावर येतं, कारण हात चालत असतो तेव्हाच थांबायचं असतं. मी त्यात माझी एक भर घातली आहे. थांबताना उद्यासाठी एक चिठ्ठी लिहायची, तीन-चार ओळींची. मागच्या कादंबरीतली एक चिठ्ठी वहीत आहे, तीच उतरवते: ‘ती दार उघडते. भावाला पैशांचं कळलेलं आहे, पण तो आधी आईच्या औषधांचं बोलतो. तिला वाटतं वाचलो. पाऊस थांबलेला असावा. शेवटी तो पाकीट टेबलावर ठेवतो, उघडत नाही.’ बस. भाषा नाही, सौंदर्य नाही. दुसऱ्या दिवशी झोपाळलेल्या माझ्याकडून कल्पकतेची अपेक्षा नसते, या पाच गोष्टी लिहून काढायच्या एवढंच काम असतं. निम्म्या वेळा प्रसंग वेगळाच होतो आणि पाकीट उघडलं जातं. चालतं. चिठ्ठी आत नेण्यापुरती, आत गेल्यावर तिचं ऐकलंच पाहिजे असं नाही.

तुम्ही नोकरी करताय, तेव्हा ही चिठ्ठी तुमच्या जास्त कामाची. दिवसभर ती डोक्याच्या मागे पडून असते. माझे कितीतरी संवाद कामावर जाता-येता जुळले, ते उठण्याआधीच्या त्या दहा मिनिटांत सुचलेल्या एका नेमक्या प्रश्नामुळे: तो पैशांचं आधी का बोलत नाही? ‘कादंबरीचा विचार करू या’ असं ठरवून विचार होत नाही. एका भावाचा, एका पाकिटाचा विचार होतो.

शब्दांचं म्हणाल तर माझा आकडा ३५० आहे. कमी वाटेल. मुद्दाम कमी ठेवला आहे. डोकं दुखत असताना, घरात आजारपण असताना, कामावर कुणाशी वाजलेलं असताना जेवढे होतील तेवढाच आकडा ठरवायचा, कारण आकड्याचा उपयोग वाईट दिवसांना असतो. चांगल्या दिवशी कोण मोजतं? मी सुरुवातीला १००० ठरवले होते. आठवड्यातून दोनदा जमायचे, पाचदा हरल्यासारखं वाटायचं, आणि हरल्यासारखं वाटणारा माणूस टेबलाकडे फिरकत नाही. आणखी एक. हा आकडा फक्त पहिल्या खर्ड्याचा. पुनर्लेखन शब्दांत मोजू नका. तिथे काही दिवस उणे ६०० शब्द होतात आणि तो उत्तम दिवस असतो. पुनर्लेखन मी तासांत मोजते.

सकाळ की रात्र? अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचं उदाहरण देते, कारण ते तुमच्याजवळचं आहे. त्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलगे एकट्या वाढवत होत्या. पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. पहाटे लिहायची सवय त्यांना लागली ती मुलं उठून हाक मारायच्या आत थोडा वेळ हाताशी लागावा म्हणून. म्हणजे पहाट निवडली ती सोय म्हणून. पुढे मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपलं डोकंही सकाळीच जास्त चालतं. हाच क्रम मला बरोबर वाटतो. आधी मोकळी वेळ शोधा, मग डोक्याला तिची सवय होते. ‘मी रात्रीचा माणूस आहे’ असं बरेच जण म्हणतात, आणि रात्री दमून झोपी जातात.

माझं मूल लहान होतं तेव्हा मला पहाटही मिळत नव्हती, कारण माझ्या उठण्याच्या चाहुलीने तेही उठायचं. त्या काळात मी लिखाण घड्याळाला न बांधता एका घटनेला बांधलं: मूल झोपलं की लगेच. साडेआठला झोपो की दहाला. आधी भांडी नाही, फोन नाही. मूल झोपलं की वही, वीस मिनिटं, मग बाकीचं जग. लहान मूल असलेल्या घरात ठरलेली वेळ रोज मोडते आणि रोज मोडणारी गोष्ट सवय होऊ शकत नाही. मूल मात्र कधीतरी झोपतंच. आणि ज्या दिवशी हेही शक्य नसेल त्या दिवशी फाइल उघडायची, चिठ्ठी वाचायची, तिच्याखाली एखादी ओळ वाढवायची आणि बंद करायची. मी याला ‘हात लावून येणं’ म्हणते. पाच मिनिटांचं काम. यातून कादंबरी एका शब्दाने पुढे जात नाही, पण खंड पडत नाही, आणि खंड किती महाग पडतो ते वर सांगितलंच. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाशी ही वीस मिनिटं उघडपणे बोलून घ्या. मी दोन वर्षं न बोलता मनात धुसफुसत काढली. समोरच्याला पत्ताच नव्हता.

आता नोंदवहीविषयी, कारण परत आत शिरण्याची दुसरी किल्ली ती आहे. माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक पात्र अकरा महिने गरोदर होतं. माझ्या लक्षात आलं नाही, दोन वाचकमित्रांच्या लक्षात आलं नाही, संपादकाच्याही नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी प्रुफांच्या समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘बाळंतपण लांबलं का?’ तेव्हापासून मी प्रत्येक कादंबरीसाठी एक वही ठेवते. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की त्यात एक ओळ: हे केव्हा घडलं, कोण हजर होतं, आणि या प्रकरणाच्या शेवटी कुणाला काय माहीत झालं. तिसरा रकाना सगळ्यांत उपयोगी. वय, तारखा, डोळ्यांचा रंग हे सगळे लिहितात. कोणाला काय ठाऊक आहे हे लिहिलं की कादंबरीचं यंत्र दिसायला लागतं. महिनाभर खंड पडलाच तरी सत्तर पानं वाचायची गरज राहत नाही, वहीची दोन पानं वाचली की पुरतं. तुम्ही पहिल्या पानावर परत जाणारच नाही, म्हणजे दुरुस्तीच्या खड्ड्यात पडणार नाही.

त्याच वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू होते, तिचं नाव ‘नंतर’. चौथ्या कादंबरीत नव्वदाव्या पानावर मला कळलं की नायिकेला भाऊ नको, बहीण हवी. मागे जाऊन नव्वद पानांतला भाऊ बदलायला बसले असते तर दीड महिना गेला असता. मी ‘नंतर’मध्ये लिहिलं: ‘भाऊ आता बहीण. पहिल्यापासून.’ आणि एक्क्याण्णवाव्या पानापासून ती जन्मापासून बहीणच असल्यासारखं लिहीत गेले. तो पहिला खर्डा कुणी वाचला असता तर त्याला वाटलं असतं बाईंचं डोकं फिरलंय. पण पहिला खर्डा कुणी वाचायचाच नसतो. त्या बहिणीलाही पुढे पन्नास पानांनंतर मी काढून टाकलं, ते सोडा. मागचं आधीच दुरुस्त केलं असतं तर ते काम दोनदा वाया गेलं असतं.

एवढं सगळं केलं तरी सत्तराव्या पानावर आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा सवयींशी काही संबंध नाही. थोडक्यात उजळणी करते म्हणजे वेगळेपण कळेल. खंडामुळे होणारी अडचण: आवाज हरवतो, मागचं घासत बसतो. तिच्यावर उपाय चिठ्ठी, दोन पानं मोठ्याने, वही, ‘नंतर’, हात लावून येणं. दुसरी अडचण अशी की आपण कादंबरी सुरू करतो तेव्हा हातात काही भांडवल असतं. एखादी जागा, एक माणूस, एक घटना, मनात वर्षानुवर्षं असलेलं एक चित्र. ते भांडवल साधारण साठ-सत्तर पानं पुरतं. मग संपतं. यापुढचं लिहूनच शोधायला लागतं. मला सहाही वेळा हा टप्पा लागला आहे. पहिल्या वेळी वाटलं आपल्यात दम नाही. आता तो आला की मी वहीत तारीख टाकते आणि पुढे जाते, फार आनंदाने नाही.

इथे मी काय करते? वहीतला तिसरा रकाना काढते आणि विचारते: कुणाला काय माहीत नाही, आणि ते कळू नये म्हणून कोण धडपडतंय? समजा, मोठ्या मुलाला माहीत आहे की घर गहाण पडलंय, आणि वडील ते लपवताहेत. मुलगा आपल्याला कळलंय हे लपवतो. आता या दोघांना एका खोलीत ठेवलं की प्रसंग होतो. मग विचारते, हे तिसऱ्या कुणाला कळलं तर सगळ्यांत जास्त नुकसान? तो पुढचा प्रसंग. अशी सात-आठ प्रश्नांची उत्तरं ओबडधोबड लिहिली की पुढच्या शंभर पानांची वाट दिसते. सगळी नाही, दिव्याच्या उजेडापुरती. दुसरं, जो प्रसंग स्पष्ट दिसतोय तो लिहून टाकते, भले तो दोनशेव्या पानावरचा असो. क्रमाने लिहिलंच पाहिजे असा नियम नाही. शेवटाजवळचा एक प्रसंग हातात असला की मधलं लिहिताना कुठे जायचंय ते कळतं. तो प्रसंग पुढे बदलतो. माझा तर दरवेळी बदलला आहे.

कधीकधी मात्र या प्रश्नांना उत्तरंच येत नाहीत. कुणी काही लपवत नाही, कुणाला काही हवं नाही, नुसतं वातावरण आहे. अशा वेळी ती कादंबरी नसतेच. माझी एकशेदहा पानं अशी गेली. दीड वर्षाने त्यातून चौदा पानांची कथा निघाली आणि ती माझ्या बऱ्या कथांपैकी आहे. तेव्हा तुमच्या तीनपैकी एखादी अशी असू शकते, हेही मनात ठेवा.

नोकरीबद्दल. मी चौथ्या कादंबरीनंतर सोडली आणि पहिल्या वर्षी नोकरीत असताना लिहायचे त्याच्या निम्मंही लिहिलं नाही. सगळा दिवस माझा होता, त्यामुळे सकाळी नाही झालं तर दुपारी, दुपारी नाही तर रात्री. दिवसाला भिंतीच उरल्या नाहीत. शेवटी पुन्हा पावणेसहा ते पावणेआठ हेच वेळापत्रक लावलं, जणू साडेनऊला कामावर जायचंय. मग नीट चाललं. आणि उरलेला दिवस मोकळा असतो असंही समजू नका. प्रुफं तपासणं, प्रकाशकाशी पत्रव्यवहार, कुणाच्या तरी हस्तलिखितावर मत, एखादा लेख, एखादं भाषांतर, कार्यक्रम, यांतच तो जातो, आणि खरं म्हणजे कादंबरीकाराचं पोट बऱ्याचदा यावरच चालतं. कादंबरीचे पैसे उशिरा येतात, एकदम येतात आणि किती येतील ते आधी सांगता येत नाही. भाडं मात्र दरमहा असतं. पैशाच्या काळजीत सुचत नाही हा माझा अनुभव आहे, काहींचा उलटही असतो. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीने १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये मुदत अगदी गळ्याशी आल्यावर एक कादंबरी २६ दिवसांत एका लघुलेखिकेला सांगून पुरी केली. मुदत चुकली असती तर त्याच्या लिखाणाचे हक्क पुढची नऊ वर्षं प्रकाशकाकडे गेले असते. ही गोष्ट लोक मुदतीचा महिमा सांगायला सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. रोज ठरल्या वेळी दारात एक माणूस लेखणी घेऊन यायचा आणि त्याच्यापुढे बोलायलाच लागायचं. तुमच्याकडे लघुलेखिका नसेल, पण दर रविवारी ‘या आठवड्यात किती पानं?’ एवढंच विचारणारा एक मित्र चालेल. पानं वाचायला मात्र त्याला देऊ नका. पुढे काय होणार तेही सांगू नका. सांगितलेली गोष्ट लिहायची भूक अर्धी मरते.

तुमचं मूल चार वर्षांचं आहे आणि पगार घराला लागतो. मी तुमच्या जागी असते तर नोकरी सोडली नसती. तीन-चार वर्षांनी, एक कादंबरी पुरी झाल्यावर, हा प्रश्न पुन्हा काढला असता.

पुनर्लेखनाचं तुम्ही विचारलेलं नाही आणि आत्ता त्याची घाईही नाही. एवढंच सांगते, की हेमिंग्वेने एका कादंबरीचं शेवटचं पान ३९ वेळा लिहिल्याचं स्वतः १९५८ च्या मुलाखतीत सांगितलं होतं. त्या ३९ वेळांसाठी आधी शेवटचं पान असावं लागतं.

तेव्हा चौथी कादंबरी सुरू करू नका. तिन्हीतली कोणती घ्यायची हे असं ठरवा: प्रत्येकीबद्दल ‘कोण काय लपवतंय’ याच्या पाच ओळी न वाचता, आठवणीतून लिहा. जिच्या ओळी सहज येतील ती घ्या. ती दोन बैठकांत वाचा, हातात पेन न घेता. पेन घेतलंत की पुन्हा पहिल्या तीस पानांत अडकाल. वाचून झाल्यावर वही भरा, प्रकरणागणिक एक ओळ. जे जे बदलावंसं वाटेल ते ‘नंतर’मध्ये टाका. मग शेवटची दोन पानं मोठ्याने वाचा आणि मूल झोपल्यावर वीस मिनिटं एकाहत्तरावं पान लिहा. कसंही. उठताना चिठ्ठी. तीन आठवडे एवढंच करा आणि मग नेमक्या कोणत्या प्रसंगापाशी अडतंय ते लिहून कळवा, कारण ‘अडतंय’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही, पण ‘वडील खोलीत आलेत आणि बोलत नाहीत’ यावर बोलता येईल.